अभयारण्याजवळ पाळलेले बटेर-तितर सोडायचा प्रस्ताव आलाय, ग्रामपंचायतीने काय करावं?

पांदण (विचारणा)

नमस्कार मंडळी. आमचं शिवार उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून. गावाजवळच्या एका रिसॉर्टने ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. पावसाळ्याआधी त्यांना आपल्या 12 एकरांत 500 जपानी बटेर आणि 40 जोड्या तितर मोकळे सोडायचे आहेत. कारणं तीन दिली आहेत: पक्ष्यांची संख्या वाढेल, उधई-किडे खाल्ले जातील, पर्यटकांना पक्षी दिसतील. पंचायतीचा 'ना हरकत' ठराव मागितला आहे.

अर्जासोबत इंग्लंडच्या नियमाची एक प्रत जोडली आहे. संरक्षित जागेपासून 500 मीटरच्या पलीकडे पक्षी सोडायला तिथे अडचण नाही, हेक्टरी 1,000 पर्यंत चालतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांची मागची बाजू अभयारण्याच्या हद्दीपासून 600 मीटरवर येते. म्हणजे हिशेबात बसतं, असं ते सांगतात.

जैवविविधता व्यवस्थापन समितीला यावर मत द्यायचं आहे. कायदा काय म्हणतो? इंग्लंडचा नियम खरंच तसाच आहे का? रोगराईचा धोका किती? आणि तितर वाढावेत असं गावालाही वाटतं, तर मग काय करावं?

सर्व्हे नंबर

आधी तितर आणि बटेर वेगळे करा. कायद्यात ते दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, अर्जात मुद्दाम किंवा नकळत एक केलेत.

तितर हा वन्यप्राणी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये तो पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तेव्हापासून प्राण्यांच्या दोनच अनुसूची उरल्या आणि दोन्हींतल्या प्राण्यांची शिकार कलम 9 ने बंद आहे. 'शिकार' या शब्दाची व्याख्या कलम 2(16) मध्ये वाचा. पकडणं, फासे लावणं, इतकंच काय, रानपक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला हात लावणं, हे सगळं त्यात येतं. वावरात सापडलेली तितराची अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवणं आपल्याकडे सर्रास चालतं, तेही यातच मोडतं. कलम 39 प्रमाणे असा प्राणी सरकारची मालमत्ता. बंदिवासात वाढवला असला तरी.

म्हणून रिसॉर्टला पहिला प्रश्न लेखी विचारा: 40 जोड्या तितर येणार कुठून? बाजारात उघड विकत मिळावा असा हा पक्षी नाही. कोणी पुरवठादार 80 पक्षी देतो म्हणत असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारातून फाशात धरलेले असण्याचीच शक्यता जास्त. एका माळावरचे पकडून दुसऱ्यावर सोडले, वाटेत निम्मे मेले, आणि त्याला संवर्धन म्हणायचं! वन्यपक्षी धरून दुसरीकडे सोडायला कलम 12 खाली परवानगी लागते. तितरांच्या बाबतीत ती मुख्य वन्यजीव रक्षक देतात, राज्य सरकारची पूर्वसंमती घेऊन. त्यांचं कार्यालय आपल्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. ग्रामपंचायतीला हा अधिकारच नाही. तुमचा ठराव मात्र 'गावाची संमती होती' म्हणून उद्या पुढे केला जाईल, हे ध्यानात ठेवा.

जपानी बटेरचं तसं नाही. 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नवीन बटेरपालनाला मनाई केली होती, पुढे ती उठली. आज हा पाळीव कुक्कुट मानला जातो. पाळा, विका, खा. पण पाळायची मुभा म्हणजे रानात सोडायची मुभा नव्हे. अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या अधिसूचना काढून बघा, शेवटी तक्ता असतो: प्रतिबंधित, नियमित, प्रोत्साहित. बहुतेक अधिसूचनांत 'परकीय प्रजाती आणणे' हे नियमित या रकान्यात सापडतं. कंपन्यांचं मोठं व्यापारी कुक्कुटपालनही त्याच रकान्यात. झोनचं अंतर सगळीकडे सारखं नसतं, म्हणून 600 मीटर, दीड किलोमीटर असा अंदाज करत बसू नका. अधिसूचनेला गावांची यादी आणि नकाशा जोडलेला असतो. रिसॉर्टच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून लेखी खात्री करून घ्या.

आणखी एक कलम लोकांच्या लक्षात नसतं: 33अ. अभयारण्याच्या आत आणि सीमेपासून 5 किलोमीटरपर्यंतच्या पाळीव जनावरांच्या साथरोग लसीकरणाची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकांनी करायची असते. पाळीव जनावरांचा रोग रानात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. दर वर्षी वेळेवर पत्र द्या, मागे लागा.

रानवाटा

इंग्लंडचा नियम अर्जात उलटा वाचला आहे.

तिथे फेजंट आणि लाल पायांचा पार्ट्रिज असे दोन पक्षी बंदुकीच्या शिकारीसाठी पाळून सोडतात. दोन्ही मूळचे तिथले नाहीत. दर वर्षी सोडलेल्या फेजंटांचा अंदाज 3 ते 5 कोटींच्या घरात जातो. जुलै-ऑगस्टमध्ये सहा-आठ आठवड्यांची पिल्लं जाळीच्या मोठ्या कुंपणात सोडतात, हळूहळू बाहेर पडू देतात, दाणा टाकत राहतात. फेजंटच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी. म्हणजे तो सगळा उद्योग पक्षी मारण्यासाठी आहे. रानातली संख्या वाढवायचा तो उपाय नाहीच, आणि आपल्याकडे शिकार बंद असताना त्याचा दाखला इथे जोडणं मुळातच गैरलागू आहे.

नियम आला कसा, तेही बघा. 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने 2019 मध्ये सरकारला कायदेशीर आव्हान दिलं: इतके पक्षी सोडता, त्याचा संरक्षित जागांवर काय परिणाम होतो हे कधी तपासलं का? त्यातून 2021 पासून सर्वसाधारण परवान्याची पद्धत आली, म्हणजे वेगळा अर्ज न करता अटी पाळून सोडायचं. सर्वांत कडक संरक्षण असलेल्या निसर्गक्षेत्रांच्या आत आणि भोवतालच्या 500 मीटर पट्ट्यात परवान्याच्या अटींशिवाय सोडता येत नाही. 500 मीटर हा अटी लागू होणारा पट्टा आहे. अटी अशा: क्षेत्राच्या आत हेक्टरी 700 पक्षी, पट्ट्यात हेक्टरी 1,000. आणि फेजंटच्या बाबतीत हा हेक्टर कुठला? ज्या कुंपणात पक्षी सोडतात त्या कुंपणाचा. 12 एकर म्हणजे 4.86 हेक्टर, त्यावर 1,000 ने गुणायचं नाही. 500 पक्ष्यांना पट्ट्यात अर्धा हेक्टर बंदिस्त कुंपण लागेल, आतल्या क्षेत्रात 0.71 हेक्टर. किती पक्षी सोडले ते कळवावंही लागतं. 2023 पासून बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्रं आणि त्यांचा पट्टा या सर्वसाधारण परवान्यातून काढले. तेव्हा तिथे प्रत्येकाला स्वतंत्र परवाना मागावा लागला.

500 मीटरच का? दाण्यावर वाढलेला फेजंट कुंपणापासून फार लांब जात नाही आणि परिणाम अंतरागणिक ओसरतात, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. आकडा त्या पक्ष्याचा, त्या दाणा टाकायच्या पद्धतीचा. बटेरला तो चिकटवायला काहीच आधार नाही. आपल्याकडच्या झोनमध्ये हा आकडा आणू नका.

परिणाम मात्र इथेही लागू पडतील असे आहेत. दाट संख्येत सोडलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेने जमिनीतलं नत्र-स्फुरद वाढतं, मग नाजूक रानफुलं हटून गवत-तण माजतं. पक्षी उकरून किडे, अळ्या, सरड्या-सापांची पिल्लं खातात. सोपं भक्ष्य मिळालं की कोल्हे वाढतात आणि तेच पुढे जमिनीवर घरटं करणाऱ्या रानपक्ष्यांच्या अंड्यांवर पडतात. सगळ्यात बोलकं उदाहरण जंताचं आहे. फेजंटच्या आतड्यात एक सूत्रकृमी असतो, त्याला फारसा त्रास देत नाही. तोच कृमी तिथल्या देशी करड्या पार्ट्रिजला लागला की पक्षी खंगतो.

खरोखर संवर्धनासाठी सोडणं कसं असतं ते पाहायला लांब जायला नको. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून 20 गिधाडं पेंच आणि ताडोबाला आणली. कित्येक महिने मोठ्या पिंजऱ्यात स्थिरावू दिली, जीपीएस टॅग लावले, मग दार उघडलं. एवढं करूनही काही दगावलीच. आधी संख्या कशाने घटली ते शोधायचं, ते कारण दूर करायचं, पक्षी कुठून आणले त्याची नोंद ठेवायची, रोगांची तपासणी करायची, सोडल्यावर मागोवा घ्यायचा, हा क्रम आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत आहे. रिसॉर्टच्या अर्जात यातलं काय आहे?

कुक्कुटवैद्य

रोगाचं मी सांगतो.

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या मेले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: एच5एन1. संशय कोंबडीच्या मांसावर होता. बर्ड फ्लू मांजरकुळात कसा शिरतो हे नागपूरने आपल्या दाराशी पाहिलं आहे. आता विचार करा, पिंजऱ्यात वाढलेला बटेर मोकळा सोडला तर त्याला आधी कोण धरणार? रानमांजर, मुंगूस, कोल्हा, गावातली कुत्री, एखादा बिबट्या. त्याला लपणं माहीत नाही, दाण्याच्या भांड्याकडे जायची सवय. पाळीव बटेर मांसासाठी निवडत आणलेला, 180 ते 250 ग्रॅम भरतो. आपल्या रानातला पावसाळी लावा जेमतेम 70-80 ग्रॅमचा. जड पक्षी, उडाण तोकडं.

लस दिलेली आहे, असं सांगतील. राणीखेतची लस पक्ष्याला मरू देत नाही, पण लागण होऊन विषाणू विष्ठेतून बाहेर पडणं पूर्ण थांबत नाही. म्हणजे दिसायला ठणठणीत बटेर माळावर विषाणू पसरवू शकतो. मायकोप्लाझ्मा, कॉक्सिडिया, जंत हे तर चाचणीशिवाय दिसतही नाहीत. आणि समजा बर्ड फ्लू निघालाच, तर केंद्राच्या कृती आराखड्याप्रमाणे 1 किलोमीटरच्या आतली सगळी कोंबडी-बदकं मारावी लागतात, 10 किलोमीटरपर्यंत निगराणी लागते. रिसॉर्टच्या हौसेपायी गावातल्या बायांच्या परसातल्या गावरान कोंबड्या जातील. हे ग्रामसभेत स्पष्ट बोला.

'संख्या वाढेल' हेही खरं नाही. पिढ्यानपिढ्या इनक्युबेटरवर वाढल्याने पाळीव जपानी बटेरची मादी बहुधा अंड्यावर बसतच नाही. सोडलेल्या 500 पासून 501 वा तयार होणं अवघड. नर मात्र रानातल्या जवळच्या जातीशी जोडी जमवू शकतो. युरोपात शिकारीसाठी सोडलेल्या जपानी बटेरचा तिथल्या साध्या बटेरशी संकर झाल्याचं नोंदलं आहे. हाच साधा बटेर हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणा येतो. संकरात स्थलांतराची ओढ मंदावली तर तो पक्षी ऋतू बदलल्यावर परत जायचा कसा?

पांदण

खूप आभार. काल तोंडी विचारलं तर आता म्हणतात, मोकळे सोडत नाही, आवारात जाळी मारून फक्त बटेर ठेवतो. मग आक्षेप राहतो का? आणि डवरा भाऊ, तुम्ही तितरांच्या जागेबद्दल लिहा ना.

कुक्कुटवैद्य

जाळीत ठेवणं म्हणजे साधं बटेरपालन. झोनच्या तक्त्यात बसत असेल तर अटींसह चालू शकतं. पण जाळी कशी ते बघा. कोंबड्यांची एक इंची जाळी चालत नाही. बटेरचं एक दिवसाचं पिल्लू 7-8 ग्रॅमचं, अंगठ्याएवढं, त्यातून सहज निसटतं. पहिले दोन आठवडे पाव इंची, नंतर अर्धा इंची, वरूनही झाकलेली. खाली वीतभर सिमेंटचा पट्टा, म्हणजे घूस-मुंगूस खणणार नाही. दोन दारं, मध्ये उभं राहण्याइतकी जागा; आतलं उघडायच्या आधी बाहेरचं बंद. पळून जातात ते बहुतेक दाणा द्यायच्या वेळी, एकच दार असलं की.

दाणा उघड्यावर सांडू द्यायचा नाही, चिमण्या-कबुतरं तिथूनच रोग आणतात-नेतात. पाणी तळ्याचं नको, बोअरचं द्या. मेलेले पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर कधीच नाही: खोल खड्डा, चुना, वर जड दगड, नाहीतर रात्री कोल्हा उकरतो. एकाच दिवशी बरेच मेले तर हात न लावता तालुका पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन. नमुने पुण्यामार्गे भोपाळला जातात, घरी शवविच्छेदन करू नये.

डवरा

तितर सोडून वाढत नाहीत. जागा दिली की आपोआप येतात. ते आहेतच आपल्या शिवारात, त्यांची पिल्लं जगत नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

पिल्लू पहिले दोन आठवडे दाणा खाऊन वाढत नाही. त्याला मुंग्या, उधई, नाकतोडे, अळ्या लागतात. सोयाबीनवर पेरणीनंतर 15-20 दिवसांनी तणनाशक मारलं की तण जातं, तणावरचे किडे जातात, आणि नेमकी तेव्हाच पिल्लं निघालेली असतात. इंग्लंडातला देशी करडा पार्ट्रिज 1950 नंतर घसरत गेला त्याचं मोठं कारण हेच होतं. तिथे उपाय म्हणून पिकाच्या कडेचा 6 मीटर पट्टा फवारणीतून वगळायला सुरुवात झाली. आपल्या लहान वावरांत 6 मीटर कोणी सोडणार नाही, पण धुऱ्याला लागून तीन मीटर सोडता येतो. तिथे डवरणी आणि निंदण करा, फवारा नको. एकरी नुकसान किरकोळ, आणि निंदलेलं तण बकऱ्यांना होतं.

धुरा हा तर तितराचा संसार. घरटं म्हणजे झुडपाच्या बुडाशी नुसता खड्डा, चार पानं, त्यात 4 ते 8 अंडी. बोर, तरवड, हिवर, कुसळी, पवन्या असा दोन मीटर रुंद धुरा पाहिजे. अलीकडे जेसीबी लावून धुरे छाटतात, गुळगुळीत करतात, तिथे काही राहत नाही. झुडपं छाटायचीच तर डिसेंबर-जानेवारीत, आणि एका वर्षी एकच बाजू. गवत नोव्हेंबरमध्ये बी पडल्यावर कापा, वीतभर खुंट ठेवा.

आग ही सगळ्यात वाईट. तूर-गहू निघाला की मार्च-एप्रिलमध्ये धुरे पेटवतात. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग पसरत अभयारण्यात जाते. तितराचं विणीचं मुख्य काम एप्रिल ते सप्टेंबर. अंड्यावर बसलेली मादी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. मोहाखाली पाला झाडून काढा किंवा जुन्या साड्या-जाळी अंथरा, फूलही स्वच्छ मिळतं.

काढणीचं यंत्र कडेकडून आत फिरलं की पक्षी मधल्या उभ्या पिकात कोंडतात आणि शेवटच्या फेरीत कापले जातात. मधून सुरू करून बाहेर या, त्यांना धुऱ्याकडे पळता येतं. चालकाला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने कडेनेच लागतो. पेरताना यंत्र वळवलं की टोकाला औषध लावलेलं बी सांडतं. रंगीत दाणे उघडे दिसतात, तितर तेच टिपतो आणि मरतो. खुरप्याने माती लोटा, दहा मिनिटांचं काम आहे.

उन्हाळ्यात पाणी ठेवायचं तर उथळ, मध्ये दगड. सिमेंटच्या हौदात पिल्लं बुडतात, उताराला एक फळी टाका. मोकाट कुत्र्यांची नसबंदी 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, पंचायतीने तिथे पैसा लावावा. घरट्यांचं नुकसान कुत्रं किती करतं ते पिल्लांच्या दिवसांत धुऱ्याने चालून बघा.

आणि मोजा. मार्च-एप्रिलमध्ये तांबडं फुटल्यावर अर्ध्या तासात, 500 मीटरवर एक याप्रमाणे ठरलेल्या जागी 10 मिनिटं उभं राहून ओरडणारे तितर मोजायचे. तीन वेगवेगळ्या सकाळी, दर वर्षी त्याच जागी. लोकजैवविविधता नोंदवहीत लिहा. रिसॉर्टला पर्यटक दाखवायचेच असतील तर त्यांच्या 12 एकरांतलं लॉन काढून चार एकर कुसळीचा माळ राखू दे. सकाळी 'पतीला-पतीला' ऐकायला लोक तिथेच येतील.

सर्व्हे नंबर

पांदण भाऊ, समितीच्या मताचा मसुदा देतो, बदलून घ्या:

'अर्जदाराने तितर सोडण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षकांची कलम 12 खालील लेखी परवानगी व पक्ष्यांच्या स्रोताचा पुरावा सादर केलेला नाही. जपानी बटेर मोकळे सोडण्यास समितीचा विरोध आहे. बंदिस्त पालनाचा सुधारित अर्ज आल्यास गट नंबर इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो किंवा कसे याचा वनविभागाचा दाखला, पशुधन विकास अधिकाऱ्यांचा पाहणी अहवाल व मृत पक्ष्यांच्या विल्हेवाटीची व्यवस्था पाहून विचार करता येईल. ग्रामपंचायतीने ना हरकत देऊ नये.'

प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि झोनच्या संनियंत्रण समितीला द्या, पोच घ्या. ठरावाआधीच पक्ष्यांची गाडी आली तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, गाडीचा नंबर आणि पिंजऱ्यांचे फोटो ठेवा. पिंजरे स्वतः उघडू नका; पक्षी सुटले की पुरावाही जातो आणि रोगही पसरतो.